दाताच्या मुळात अडकलेल्या बाईसाहेब

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कचेरीत धूळ खात पडते ती नव्हे. त्या आळशी बाईशी माझे नाते जोडू नका. दाताच्या मुळात केसासारखी बारीक नळी असते. ती किडली, की आतली घाण खरवडून काढणारी पोलादी सळई म्हणजे मी.

तार पिळून मला घडवले, डोक्यावर प्लास्टिकची मूठ बसवली आणि मी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात आले. डॉक्टर मला चिमटीत धरून हळूहळू फिरवत. पेशंट म्हणत, "डॉक्टर, हात हलका आहे हं तुमचा!" काम माझे, नाव त्यांचे. जगाची रीतच ती.

मग एक टायवाला विक्रेता यंत्र घेऊन आला. यंत्रावर लवचीक धातूची, सोनेरी दांड्याची फाईल बसवलेली. काय तो तोरा! मी तिला 'बाईसाहेब' म्हणू लागले. विक्रेत्याने वाकडी नळी कोरलेले दोन पारदर्शक ठोकळे मांडले. एकात मला घातले, दुसऱ्यात तिला. ती गरगरत वळणावरून सापासारखी गेली. मी ताठ, वळणावर भिंतच कोरून बसले. खोटे कशाला बोलू, ती सरस होती. पण सरस असले म्हणून इतके मिरवायचे?

विक्रेत्याने जाताना बजावले, "ही वरून ठणठणीत दिसते, पण आतून थकते. वेळेवर बदलत जा." डॉक्टर "हो, हो" म्हणाले. त्यांचे "हो, हो" म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी खणात पडले आणि बाईसाहेब एका तोंडातून दुसऱ्या तोंडात राबत राहिल्या.

एके दिवशी डॉक्टरांना लहानाचे मोठे करणारी त्यांची मावशी खुर्चीत बसली. खालची दाढ, वाकडे मूळ. यंत्र घुं घुं करत आत गेले आणि 'टक्' असा आवाज झाला. मावशीने त्यांचा हात बाजूला सारला.

"काय मोडलं रे?"

"काही नाही, मावशी. तोंड उघड."

"लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही 'काही नाही'च म्हणाला होतास. उभा होतास काचांमध्ये!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "फाईलचा तुकडा मुळात अडकलाय. आत घाण राहिली तर दाढ काढावी लागेल."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"घाबरलो."

"दाढ माझी आणि घाबरतोस तू? कर आता काय करायचं ते."

तेव्हा कुठे माझी आठवण झाली! माझे टोक किंचित वाकवून डॉक्टरांनी मला आत सोडले. तुकड्याशेजारच्या फटीतून मी इंचाइंचाने नव्हे, कणाकणाने सरकले. "पडलात ना तोंडावर, बाईसाहेब?" असे हिणवायचे मी ठरवलेच होते. पण जवळून पाहिले, तर तिचे पीळ पार सुटले होते. तिला वळणाने मोडले नव्हते. तिला मरेपर्यंत राबवले होते. माझा सगळा तिटकारा तिच्यावरून उठला आणि मला धरणाऱ्या त्या दोन बोटांवर जाऊन बसला.

मी तळापर्यंत पोहोचले, घाण खरवडून काढली. नळी धुतली, भरली. तुकडा आतच राहिला, पण दाढ वाचली. मावशी उठताना म्हणाली, "कीड गेली. आता तुझी खोटं बोलायची खोडही काढ."

ती गेल्यावर डॉक्टरांनी मला भिंगाखाली धरले. माझेही पीळ सुटले होते. त्यांनी मला वापरलेल्या सुया फेकायच्या डब्यात टाकले आणि यंत्रासाठी नवी फाईल काढली.

मित्रांनो, हत्यार जपायचे म्हणजे नुसते पुसून ठेवायचे नसते. ते थकले, हे ओळखून त्याला वेळेवर सोडायचेही असते. त्या माणसाने मला पहिल्यांदाच नीट पाहिले, तेही फेकून देण्यासाठी. माफ मी त्याला केलेले नाही. पण पाहायला शिकला, एवढे मात्र कबूल करते.