मला मिठी मारू नका!

मी टेकू बोलतोय. हो, टेकूच. प्राचीन खांब नाही, पवित्र खांब तर मुळीच नाही. दरीच्या कडेवरचा हा पडका मठ बघायला तुम्ही एवढी चढण चढून येता आणि हजार वर्षांच्या दगडांकडे पाठ करून मला मिठ्या मारता, तेव्हा डोकं फिरतं माझं!

माझा जन्म खालच्या नदीकाठचा. चांगला वाढलो होतो. मग करवत आली, वखारीत पडून राहिलो, आणि एका इंजिनिअरबाईंनी मला पारखून घेतलं. मठाच्या दारावरच्या आडव्या दगडाला तडा गेला होता. त्याखाली मला उभं करून, पायाशी लाकडी पाचर ठोकून बाई म्हणाल्या, "तात्पुरतं आहे हं." बाईंना आता नातवंडं झाली असतील. मी आहे तिथेच आहे.

तक्रार कामाची नाही. दगड पेलायचा, एवढंच तर काम. पूर्वी येणारी माणसंही साधी होती. दरी बघून "अहाहा" करायची, भिक्षूंच्या खोल्यांत डोकावून "एवढ्याशा जागेत झोपायचे कसे हो?" विचारायची, डबा खाऊन निघून जायची.

घोळ घातला तो गाईडने. पोरगा गोड, पण जिभेला हाड नाही. सहलीला आलेल्या एका कंटाळलेल्या घोळक्याला हसवायला म्हणाला, "या खांबाला डोळे मिटून मिठी मारा, मनातली इच्छा पुरी होते!" झालं! तेव्हापासून रांग. कुणाला पास व्हायचंय, कुणाला बदली हवीय. एक काका तर मला गदागदा हलवून म्हणाले, "पक्का आहे!" अहो काका, तुमच्यासारख्यांमुळेच पाचर सैल झालीय! वर तडा रुंदावतोय आणि खाली तुमचीच पोरंबाळं उभी. पण ऐकतो कोण?

परवा गाईडची आई पहिल्यांदाच मठ बघायला आली. लेकाला न सांगता थेट रांगेत. पाळी येताच तिने मला घट्ट कवटाळलं आणि पुटपुटली, "माझ्या लेकाला सांभाळ रे बाबा." तेवढ्यात माझ्या पायाखालची पाचर सरकली. वरून माती भुरभुरली.

"आई, सोड त्याला! बाहेर हो!" गाईड ओरडत धावला. तिला ओढून बाहेर काढलं आणि स्वतःच मला दोन्ही हातांनी आवळून उभा राहिला. पलीकडे भिंत दुरुस्त करणारा गवंडी हातोडा घेऊन पळत आला आणि त्याने पाचर पुन्हा ठोकून बसवली. तोवर बाहेर लोक फोटो काढत होते. "बघा बघा, गाईड स्वतः मिठी मारतोय!"

"अहो, थाप मारली होती मी!" तो रडवेला होऊन म्हणाला. "हा साधा टेकू आहे. आई, तू तरी ऐक. आत्ता दगड पडला असता!"

"पण पडला का?" आई डोळे पुसत म्हणाली. "लेकाला सांभाळ म्हणाले, सांभाळलं ना त्याने?"

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पुन्हा आलेले ते काका सर्वांत जोरात.

मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं. वर ही माउली उद्या शेजारणींना घेऊन येणार म्हणे!

अगं बाई, तुझा लेक दिवसभर याच दारातून ये-जा करतो. तू मागायच्या कितीतरी आधीपासून मी त्याला सांभाळतोय. तेवढं करू दे मला. हात लावू नकोस.