युर्योच्या नावासकट

फिनलंडच्या ताम्पेरे शहरातली सिरक्कू इतरांचे प्रोग्रॅम पॅकेजमध्ये बांधून एका मोफत कॉम्प्युटर प्रणालीत घालायची. तिला स्वतःच्या कामाचा भलताच भरवसा होता, आणि तो काही फुकाचा नव्हता. म्हणूनच सकाळी कॉफी ओतताना सर्व्हरवरचा लाल शेरा दिसला तेव्हा तिचं डोकं फिरलं. काल तिच्या कॉम्प्युटरवर बिनबोभाट तयार झालेलं पॅकेज सर्व्हरने लेखकाच्या नावापाशी टाकून दिलं होतं.

लेखक म्हणजे ताम्पेरेतलाच निवृत्त प्रोग्रामर युर्यो. दृष्टी गेल्यावर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम त्याने स्वतःपुरता लिहिला, आणि आता तो अंध मुलांच्या शाळांना हवा होता. संध्याकाळी त्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं. तोवर पॅकेज आत गेलं नाही, तर मुलांना पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे दोन वर्षं थांबावं लागणार होतं.

चूक तिचीच होती. सर्व्हर प्रत्येक पॅकेज कोऱ्या जागेत बांधतो. तिथे इंग्रजी अक्षरांपलीकडे काही कळत नाही. तिच्या कॉम्प्युटरला मात्र फिनिश अक्षरं सवयीची, युर्योच्या नावातल्या दोन ठिपक्यांच्या 'ओ'सारखी. आधी कोऱ्या जागेत बांधून बघा, असं ती इतरांना ऊठसूट ऐकवायची आणि काल स्वतःच तो नियम गुंडाळून बसली होती.

जर्मनीत ब्रेमेनला राहणाऱ्या एकबर्टकडे पॅकेजं तपासण्याचं काम होतं. त्याने कळवलं, नावावरचे ठिपके उडव आणि मोकळी हो. सिरक्कूने फोन केला तर युर्योचंही तेच.

"उडव गं. दोन ठिपक्यांपायी पोरांना कशाला ताटकळत ठेवतेस?"

"माझ्या कामात लुडबुड करू नका, युर्यो. आधी मला बघू दे."

तिने युर्योचा प्रोग्रॅम कोऱ्या जागेत चालवला आणि एका शाळकरी पोरीचा फिनिश निबंध वाचायला दिला. पहिल्याच ओळीत त्याने मान टाकली. फाइल उघडताना त्यातली अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत, हे तो कुठेच सांगत नव्हता; युर्योच्या नावापाशीही पॅकेज याच कारणाने अडलं होतं. शाळांतले कॉम्प्युटरही असेच कोरे. नाव साफ केलं असतं, तर पॅकेज दिमाखात आत गेलं असतं आणि वर्गात पोरांसमोर मुकं झालं असतं.  फाइल उघडणारी प्रत्येक ओळ सिरक्कूने दुरुस्त केली, निबंध शेवटपर्यंत ऐकला आणि मगच पॅकेज पाठवलं.

दुपारी शेरा हिरवा झाला. एकबर्टने कबूल केलं, की या महिन्यात त्याने बऱ्याच जणांची नावं अशीच छाटायला लावली होती. आता ती सगळी पॅकेजं तो पुन्हा उघडणार होता.

सिरक्कू दालचिनीचे पाव घेऊन युर्योकडे गेली. त्याचा कॉम्प्युटर नव्या पॅकेजांची यादी वाचत होता. युर्योचं नाव आलं, अख्खं, ठणठणीत.

"परत लाव," युर्यो म्हणाला.

"ठिपके उडवायचे होते ना तुम्हाला?"

"लाव गं," तो म्हणाला, आणि ऐकू यावं म्हणून त्याने पाव चावायचं थांबवलं.