एमरिसरावांचा आकडा

माझी नात केया ज्यांच्या हाताखाली पीएचडी करते, ते एमरिस प्रॉथरो वेल्सचे. वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं. मी म्हटलं, बरोबर आहे, मलाही कोणी नागपूरची सोडून पुण्याची म्हटलं तर मी खपवून घेत नाही. तेव्हापासून आमचं जमलं. केया मध्ये बसून याचं त्याला सांगते आणि माझे अर्धे शब्द गाळते, ते मला चांगलं कळतं.

एमरिसरावांचं वय अठ्ठ्याहत्तर. बाप पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला, घर डोंगराला टेकलेलं आणि भिंती बारा महिने ओल्या. धाकटी बहीण त्या ओलीनंच खोकून खोकून गेली. हे शाळेत हुशार निघाले, शिष्यवृत्तीवर शिकले आणि टेक्ससला आले. आमच्या प्लेनोपासून अर्ध्या तासावरच्या युनिव्हर्सिटीत जमिनीखालची एक खोली मागून घेतली आणि सगळी उमर तिथे एका तारेपाशी काढली. केसाहून बारीक तार, तिला टांगलेली आडवी दांडी, दांडीच्या टोकांना दोन गोळ्या. जवळ शिशाचे मोठे गोळे आणले की त्या गोळ्या इवल्याशा ओढल्या जातात. जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते म्हणे. किती ओढते, तो आकडा काढायचा.

एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी तो काढला, छापला, नाव झालं. मग जर्मनीत असाच प्रयोग करणाऱ्या हेल्गाबाईंनी आपला आकडा छापला, तो थोडा कमी. तेव्हापासून दोघांची पत्रापत्री आणि भांडण. या ऑक्टोबरच्या शेवटी युनिव्हर्सिटी ती खोली काढून घेणार होती. त्याआधी आपलाच आकडा खरा हे दाखवायचं, एवढं एकच म्हाताऱ्याला हवं होतं. आणि तार ऐकत नव्हती. दांडी किती वळली ते दाखवणारी कॉम्प्युटरवरची रेघ रोज हळूहळू एका बाजूला सरकायची. यांनी हायवेवरचे ट्रक मोजले, ट्रेनची वेळापत्रकं आणली, लिफ्ट बंद ठेवून पाहिली. रेघ सरकतच होती.

खंडेनवमीला मी घरातली विळी, झारा, प्रतापचा लॅपटॉप आणि गाडी, सगळ्यांना झेंडू वाहते. प्रताप म्हणजे माझा मुलगा, केयाचा बाप. केया म्हणाली, येता येणार नाही, लॅबमध्ये काम आहे. मी प्रतापला म्हटलं, मग तूच मला तिकडे सोड. हळदकुंकवाची डबी आणि फुलं घेऊन मी त्या तळघरात उतरले. पोरगी लाजली. सगळी लॅब बघतेय, आजी, प्लीज. लॅब म्हणजे ती आणि तिचा म्हातारा, दोघंच.

मी एमरिसरावांना रीत सांगितली. या दिवशी हत्यार धुवायचं, पुसायचं, पुजायचं आणि त्याला सुट्टी द्यायची. ते म्हणाले, माझा बापही शनिवारी छिन्न्या पुसून फडक्यात बांधायचा, सोमवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही. उठले आणि एकेक बटण स्वतः बंद करत गेले. तार आणि तिची रेघ काढणारा कॉम्प्युटर तेवढा मीच चालू ठेवू दिला. ती नुसती लटकते, तिला सुट्टी कशाची?

कोपऱ्यात एक मशीन घरघरत होतं. हवेतली ओल ओढून खालच्या बादलीत पाणी जमवणारं. केया म्हणाली, आजी, दॅट्स नॉट अ‍ॅन इन्स्ट्रुमेंट. एमरिसरावही म्हणाले, तो खोलीचाच भाग आहे, पहिल्या दिवसापासून कधी बंद केलेला नाही. ओलीचा त्यांना केवढा धसका, ते मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं, काम करतं की नाही? करतं ना, मग ते हत्यार. बटण दाबलं, काठोकाठ भरलेली बादली केयाला उचलायला लावली, सिंकमध्ये ओतली, घासली आणि दारापाशी पालथी घालून कुंकू लावलं.

दाराबाहेर प्रसाद खाऊन होईपर्यंत अर्धा तास गेला. केया स्क्रीनपाशी गेली आणि तिथेच थिजली. रेघ एका उडीत बाजूला गेली होती आणि नंतर सपाट, पाटावर आखावी तशी.

 एमरिसरावांनी केयाला बादली परत भरून जागेवर ठेवायला सांगितली. आमचंही वजन मध्ये नको म्हणून आम्ही दाराबाहेर जाऊन उभे राहिलो. रेघ परत वाकडी. रिकामी केली, सरळ. भरली, वाकडी. चार वेळा ती बादली आम्ही नेली आणली. माझा पदर भिजला आणि मी मोठमोठ्याने हसत होते, कशाला ते मला नीटसं कळत नसतानासुद्धा. केयाने समजावलं: बादलीतलं पाणी दिवसभर वाढायचं आणि वाढत्या वजनाने त्या गोळ्यांना आपल्याकडे ओढायचं. संध्याकाळी एमरिसराव ती ओतायचे, की पुन्हा पहिल्यापासून.

पुढचे नऊ दिवस तार बादलीशिवाय चालली. दहाव्या दिवशी मी हट्टाने गेले. आकडा आला. हेल्गाबाईंचा.

 मी एमरिसरावांना सरळ सांगितलं, बादली फेकून द्या आणि गप्प बसा. खोली बंद होतेच आहे, कोणाला कळणार? चूक झाली म्हणून माझ्या तोंडून घरात आजवर कोणी ऐकलेलं नाही, आणि मी व्यवस्थित जगले. यातला शब्दही न गाळता सांग, म्हणून केयाला दटावलं. तिने सांगितलं.

म्हातारा टाळ्या वाजवत हसला. “आजी, एकतीस वर्षं मी लोकांचे ट्रक मोजले, आणि पाणी रोज माझ्या हाताने ओतलं! आता आकडा सापडलाय. तो माझा नसेना का.”

गाल लालबुंद झाले होते. नव्या नवरदेवासारखे दिसत होते. त्यांनी तिथूनच जर्मनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. केया माझ्या कानाशी मराठी करत होती.

“हेल्गा, तुझा आकडा बरोबर. माझ्या खोलीत बादली होती.”

 मला वाटलं, आता बाई एकतीस वर्षांचं सगळं उट्टं काढणार. मी पदर खोचला, एखादा शब्द जास्त बोलली तर उत्तर द्यायला.

“किती लिटरची?” बाईंनी विचारलं.

“अठरा. तारेपासून दीड मीटरवर.”

 बाई हळूच म्हणाल्या, “एमरिस, माझ्याकडेही एक आहे.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन तसाच ठेवून बाई आपली बादली बघायला धावल्या होत्या. एमरिसरावांनी केयाचा एक हात धरला, माझा एक धरला, आणि आम्ही तिघं त्या फोनवर वाकून लांब जाणारी पावलं ऐकत राहिलो.