माझ्यावर पेशंट झोपलाच नाही

मी बाक बोलतोय. डॉक्टर ज्यावर पेशंटला झोपवून पोट दाबून बघतात, तो रेक्झिनचा उंच बाक. चूक कोणाची ते आधीच सांगतो. बापाची. उगाच नशिबाला मध्ये ओढू नका.

बापाचं औषधांचं दुकान आहे. पोराची बारावी झाली आणि मामाने मला एका बंद पडलेल्या दवाखान्यातून उचलून आणलं. पोरगा डॉक्टर होणार, इथेच बसणार, म्हणून दुकानाच्या मागे प्लायवूडची भिंत ठोकली. मला जागा करायला मलम कालवायचं टेबल बाहेर काढलं. ते पोराचं आवडतं टेबल. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम तो बापाच्या नजरेखाली तिथे काचेवर घोटायचा. एक गुठळी राहू द्यायचा नाही.

मामा माझ्यावर आडवा झाला. "भाचेबुवा, बघा हो जरा, पोटात आग पडलीय."

"मामा, मला फार्मसीला जायचंय. प्रवेशही मिळतोय."

"मग उठतो बाबा मी."

"झोपून राहा तुम्ही!" बाप गरजला. "जन्मभर मी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या. याने लिहायच्या. फार्मसीचं नाव काढलंस तर दुकानाची पायरी चढू नकोस."

आई म्हणाली, "अहो, त्याला रक्त बघवत नाही."

"होते सवय."

नाही झाली. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी पोरगा वॉर्डात चक्कर येऊन पडला, पुन्हा पडला, मग जायचाच थांबला. घरी येऊन म्हणाला, "बाबा, आता तरी फार्मसीला जाऊ? तोवर काउंटरवर बसतो."

"आणि गिऱ्हाइकांना काय सांगू? डॉक्टर पळून आला म्हणून?"

आपटलं पोरगं, आणि कळ आली बापाच्या अब्रूला. मामा तर फिरकलाच नाही. पोरगा बॅग घेऊन निघून गेला.

आता माझ्यावर सलाइनची खोकी असतात. दुपारी ती सरकवून बाप घोरतो. रेक्झिन फाटलंय, एक पाय लचकलाय. मलमाची चिठ्ठी आली की बाप म्हणतो, "आमच्याकडे होत नाही." कंटाळा आलाय मला. भंगारात द्या, पण ही भिंत आधी पाडा.

पोरगा दुसऱ्या शहरात पार्सलं पोचवतो. मेडिकल अर्धवट राहिलं. फार्मसी त्याने केलीच नाही.