ऋतिकाचं शेपूट

चौक गावात, हायवेलगतच्या गॅरेजच्या माळ्यावर ऋतिका लग्नांच्या फिल्म एडिट करायची. खाली मेकॅनिकांचे पाने आपटायचे आणि वर ती हेडफोन लावून नवऱ्यामुलांच्या मावश्या कापायची. या कामात तिचा जीव नव्हता. तिला मुंबईला जाऊन खऱ्या सिनेमाची एडिटर व्हायचं होतं, आणि त्यासाठी तिने एक तत्त्व जपलं होतं. बोलणं संपलं की माणूस खरा दिसतो, असं ती म्हणायची. म्हणून वाक्य संपल्यावर लगेच कापायचं नाही, दोन सेकंद थांबायचं. स्टुडिओचा मालक अक्षय (कॅमेराही तोच धरायचा) या दोन सेकंदांना ऋतिकाचं शेपूट म्हणायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण याबाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती.

मार्चमध्ये रसायनीच्या एका कारखान्याचं काम आलं. टाकी साफ करताना तिथला एक कामगार गुदमरून गेला होता. सुरक्षा सप्ताहात दाखवायच्या फिल्ममध्ये त्याची बायको जानकीबाई बोलणार होती. तिला कारखान्याच्या कँटीनमध्ये नोकरी कबूल झाली होती. शूटिंगला अक्षयबरोबर ऋतिकाही गेली होती. कारखान्याच्या आवारात खुर्चीवर बसून जानकीबाई पढवलेलं बोलली, "कंपनीनं आमाला सांभाळलं." मग तिची नजर बाजूला गेली. तिकडे कारखान्याचे साहेब उभे होते. तिने ओठ घट्ट मिटले.

साहेबांनी ती नजर कापायला लावली. ऋतिकाने कापली, पण टाकून दिली नाही. स्वतःच्या कामाचे नमुने ती इन्स्टाग्रामवर टाकायची, तिथे हा तुकडाही टाकला. खाली लिहिलं, 'भीतीला संवाद लागत नाहीत.' बाईला विचारावं हे तिच्या मनातही आलं नाही. आपल्या पोळीवर तूप ओढताना पंगतीत शेजारी कोण जेवतंय, हे कलावंताला दिसत नाही.

क्लिप गावोगाव फिरली. मुंबईच्या एका नावाजलेल्या एडिटरबाईंचा फोन आला, त्यांना असिस्टंट हवी होती. "ती घाबरलेली बाई तू काय पकडलीस! सोमवारी ये," त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात जानकीबाईला कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं. नोकरी गेली.

ती माळ्याचा जिना चढून आली तेव्हा ऋतिकाला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दाखव गं, लोकांनी काय बघितलं ते."

ऋतिकाने क्लिप लावली. जानकीबाईने ती मान पुढे काढून बघितली.

"मी घाबरले असं कोण म्हनलं तुला?"

"तुम्ही साहेबांकडे बघत होता ना, काकी?"

"सायबाला काय बघायचंय? त्याच्या मागं शेडमधी ह्यांची सायकल हाय. गेले त्या दिवशी लावली तशीच. डब्याची पिशवी पन हँडलला. ती द्या म्हनून मागावं का नाय, तेच मनात चाललं होतं. मग म्हटलं, कामाला लागले की रोज दिसंल. गप बसले."

ऋतिकाला भयंकर लाज वाटली. तिने क्लिप काढून टाकायला माउस हातात घेतला.

"आता काढून काय उपेग? माझं गेलं ते गेलं. मुंबईला बोलावलंय म्हनं तुला. तुझं तरी होऊ दे," जानकीबाई म्हणाली. "ती सायकल तुझ्या ह्याच्यात कुठं सापडती का, तेवढं बघ. मला आता आत घेत नाय."

ऋतिकाने त्या दिवसाचं टाकाऊ शूटिंग उघडलं. अक्षयने सायकल घेतली होती. पत्र्याची शेड, वाळल्या चिखलाने माखलेलं चाक, वाऱ्यावर हलणारी निळी पिशवी. जानकीबाईने खुर्ची पुढे ओढली. कॅमेरा सावकाश पिशवीकडे सरकू लागला, एवढ्यात स्पीकरमधून ऋतिकाचाच आवाज आला, "अक्षय, रिकामं काय घेतोयस? बंद कर."

पडदा काळा झाला.

"फुडं लाव की गं," जानकीबाई म्हणाली.

पुढे काही नव्हतं. ऋतिकाने तेच पुन्हा पहिल्यापासून लावलं.