टपातलं पाणी

महामार्ग झाला आणि दुसरबीडच्या जुन्या रस्त्यावरचे ट्रक गेले. उरल्या कार, त्यांच्या चाकांत ट्यूबच नाही. तरी माझ्या पंक्चरच्या दुकानात मी रोज टप भरायचो. तीस वर्षं ट्यूब त्यातच बुडवून भोक शोधलं. "पाणी काऊन नासता?" म्हणून माझी बायको सरवरी रोज करवादायची. जावयानं ट्यूबलेसचं सामान पाठवलं, तर मी ते रागानं नालीत फेकलं.

काल एक कार थांबली. चाक बसलं होतं.

"ट्यूबलेस होत नाही इथं," मी म्हणालो.

सरवरी आतून आली. हातात तेच सामान, धुऊन पुसून ठेवलेलं.

"काऊन होत नाही? हवा भरा, अन् टपातलं पाणी चाकावर टाका. बुडबुडे तं दिसतात ना तुमाले?"

गिऱ्हाइकासमोर काय भांडणार? हवा भरली, पाणी ओतलं. बुडबुडे दिसले. खिळा उपसला, रबराची वात भोकात दाबली. हवा थांबली.

कार गेली. रस्ता पुन्हा रिकामा झाला.

"उद्या कोणी येईन का?" मी विचारलं.

"मले काय माहीत?" सरवरी खेकसली.

पण टप आज तिनं भरला.