निर्मळनाथांचे तीर्थ आणि आमच्या पाच पेट्या

"गोड! साखरेहून गोड!" असे ओरडत मासुंदा तळ्याच्या काठी अर्धे ठाणे लोटले होते, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून दुसऱ्या कोणी सांगितले तर तिखटमीठ लावून सांगेल.

शके अठराशे चारचा भाद्रपद. तळ्याचे पाणी मातकट झालेले, दिवा गावाकडच्या वाड्यांत पटकीची साथ, आणि "पाणी उकळून प्या" म्हणून डॉक्टरांनी दवंडी पिटवलेली. अशात शहाडकडून निर्मळनाथ महाराज अवतरले. मिठागराचे मालक काळुराम पाटील यांनी त्यांना तळ्याकाठी मांडव घालून दिला.

महाराज गढूळ पाण्याच्या घंगाळात गळ्यातली स्फटिकाची माळ गरगर फिरवीत, वर वस्त्र झाकीत आणि भजन धरीत. भजन संपले, वस्त्र काढले, की घंगाळाचा तळ लख्ख दिसे!

"बेट्या, गंगा माझ्या माळेत, यमुना जटेत," महाराज गर्जत. "सरस्वती तेवढी गुप्त आहे, ती दक्षिणेनंतर प्रकटते! हे तीर्थ पुण्यवंताला गोड लागेल. पाप्याच्या जिभेला मात्र तुरट लागेल हो, तुरट!"

मी हातावर तीर्थ घेतले. कच्च्या केळ्याची साल चाटावी तशी जीभ आखडली. इकडेतिकडे पाहिले, तर कचेरीतले आमचे हेडक्लार्क माझ्याकडेच टक लावून बघत होते. मग काय करता? "गोड!" म्हणालो. मनात चोर असला की आवाज अंमळ वरच्या पट्टीत लागतो.

आणि असे ओरडणारा मी कोण? कलेक्टर कचेरीतला भाषांतरकार, आणि वाचनालयात 'अंधश्रद्धा व तिचे दुष्परिणाम' या विषयावर तास तासभर व्याख्यान झोडणारा! पण माझी नड निराळी होती. विलायतेला परत जाताना एका साहेबाने आपल्या पाच काचेच्या पेट्या माझ्या गळ्यात मारल्या होत्या. त्यांत मी शेतातले बारीक मासे पाळले. आम्ही पडलो कायस्थ. सारी आळी हसे. "अहो, मासा बघायचा नसतो, कालवणात टाकायचा असतो!" ते एक वेळ सोसले. पण पेट्यांतले पाणी दोन दिवसांत गढूळ होई आणि मासे मरत, ते काही सोसवेना.

म्हणून मी गाळणी बांधायला काढली: एकावर एक तीन मडकी, वरच्यात खडी, मधल्यात कोळसा, खालच्यात वाळू, आणि तिन्हींच्या बुडाला भोक. पेटीतले पाणी वरून ओतायचे, खालून झिरपलेले परत पेटीत. आता प्रश्न असा, की पाची पेट्यांना मिळून एक मोठी गाळणी, की प्रत्येकीला आपापली लहान? मी इंग्रजी पुस्तके मागवली, नकाशे काढले आणि एकच मोठी ठरवली. शास्त्रीय दृष्टी, दुसरे काय!

सुमतीने, म्हणजे माझ्या कुटुंबाने, नकाशा पाहिला. "एका घरात गोवर आला, तर सगळ्या आळीच्या पोरांना एका ताटात जेवायला बसवता का हो? एका पेटीतली घाण पाचांत जाईल. प्रत्येकीला आपापली बांधा."

बायकोचे ऐकले तर पुस्तकांचा अपमान होतो. म्हणून मी काहीच बांधले नाही. मग तिनेच गपचूप चार पेट्यांना चार लहान गाळण्या मांडल्या. पाचवीची मडकी यायची होती, तोच महाराज आले. गाळणी हवीच कशाला? माळ फिरवली की काम झाले! मी हंडाभर तीर्थ घरी आणले.

खरी गोष्ट इथे सुरू होते. माझी धाकटी बहीण मालन बाळंतपणाला आलेली होती. महिन्याची मुलगी, मुठीएवढी. आळीत पटकी आलेली, आणि मी मोठ्या ऐटीत सांगितले, "मालन, तुझ्या वहिनीला उकळत बसू दे. हे पाणी बघ कसं आरशासारखं आहे! बाळाला यातलंच बोंडल्याच्या चोचीने थेंबथेंब पाज."

"वन्सं, थांबा," सुमती म्हणाली. "आधी माशांना, मग बाळाला." आणि तिने ते पाणी पाचव्या पेटीत ओतले.

सकाळी पाचव्या पेटीतले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. उरलेल्या चारांत मजेत फिरत होते.

"मासे पापी असतील," मी म्हणालो. खरेच म्हणालो! एवढी विद्या वाया गेलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

"पापी कसले? त्यांना महाराजांचा उपदेश कळत नाही, म्हणून खोटं गोड म्हणता येत नाही," सुमती म्हणाली. तिने उरलेले तीर्थ जिभेला लावले आणि थुंकली. "तुरटी आहे ही. आपण दर भाद्रपदात घागरीत फिरवतो तीच. आपण जपून फिरवतो म्हणून चव लागत नाही. हा झटपट निवळावं म्हणून भरमसाट विरघळवतो. आणि मणी पाहिलेत? गणपतीत बोराएवढे होते, आता वाटाण्याएवढे झालेत. स्फटिक कधी झिजतो?"

पण मालन ऐकेना. "वहिनी, दादा स्वतः म्हणाला गोड आहे. तो शिकलेला आहे." ती बाळाला घेऊन तडक मांडवाकडे निघाली. माझ्या एका खोट्या शब्दावर ती पोर बोंडले भरायला निघाली होती!

आम्ही मागोमाग धावलो. सुमतीच्या हातात चुलीवरून उतरवलेला कढत पाण्याचा तांब्या होता. तिने महाराजांना वाकून नमस्कार केला. "महाराज, माळेला अभिषेक करायचा आहे. पंचामृत झालं की उष्णोदक हवंच ना?"

"नको, नको, माळ थंड प्रकृतीची आहे!" महाराज घाईघाईने म्हणाले. पण काळुराम पाटील भक्तीने इतके भरून आले होते, की त्यांनी स्वतःच महाराजांच्या गळ्यातली माळ काढून ताम्हनात ठेवली. सुमतीने वर कढत पाणी धरले आणि पळीने ढवळू लागली. मणी आधी वाटाण्याएवढे, मग मुगाएवढे, मग ताम्हनात नुसता दोरा!

लोक माना उंचावून दोऱ्याकडे बघू लागले. महाराज मात्र मुरलेले. "माळ अंतर्धान पावली! गंगा गंगेला मिळाली! प्या, हे तर महातीर्थ!"

"चमत्कार! चमत्कार!" लोक पुन्हा ओरडू लागले. मालनने ताम्हनापाशी बोंडले नेले.

"मालन, थांब!" मी ओरडलो. "ती तुरटी आहे. मला पहिल्या दिवसापासून तुरट लागलं होतं. मी खोटं बोललो."

"हा बघा पापी!" महाराज गरजले.

"असेन," मी म्हणालो. हेडक्लार्क बघतच होते. "पण तुरट ते तुरटच. तुरटीने गाळ खाली बसतो, पटकी नाही बसत. पाणी उकळावंच लागतं."

मग काळुराम पाटलांनी ताम्हनात बोट बुडवून चाटले, तोंड वाकडे केले आणि मान खाली घालून म्हणाले, "मना बी तुरटच लागत व्हता. मना वाटला, माजाच काय तरी पाप हाय."

"मला पण!" कोणी बाई म्हणाली. "आणि मला!" शेवटी हेडक्लार्कसुद्धा. सगळा मांडव तुरट! महाराज उठून कधी सटकले, ते कोणाला कळलेही नाही.

मालनने बोंडले उपडे केले आणि बाळाला छातीशी धरून ती सुमतीच्या खांद्यावर डोके टेकून रडली. घरी जाऊन आम्ही पाणी उकळत ठेवले. पाचव्या पेटीला तिची स्वतंत्र गाळणी मी माझ्या हाताने बांधली. सुमती देखरेख करीत होती आणि माझे एक मडके तिने तीनदा काढायला लावले.

बाबांनो, डोळ्यांना निवळ दिसते ते निरोगी असतेच असे नाही, हे लक्षात ठेवा. आणि कोणी आपली जीभच खोटी ठरवू लागला, तर तिला जे लागले असेल ते मोठ्याने म्हणा. पहिल्याने म्हणणाऱ्याला लाज वाटते खरी, पण शेजारी उभे असलेले बहुधा त्याचीच वाट बघत असतात.